चार नऊ

विंडहूकबाहेर, जिथं नदीला
वर्षातून एखाद्या वेळी आठवतं आपण नदी आहोत,
तिथं पेनेहाफो सकाळी सहाला
काचेच्या बशीतली भोकं मोजते.

परवा तिनंच ओतले होते विषाणू,
लिटरमागे एक कोटी,
माणसाच्या वाटेला न जाणारे, फक्त जिवाणू फोडणारे.
ही ओळ चाचणीची, हिचं पाणी कुणाच्या नळाला नाही.
तरी पहिल्या वर्षी तिचा हात थरथरायचा.
गाळणीचं पाणी जोखायचं
तर आधी आपणच घाण करावी लागते.

पुढं ओझोन, वीज पडून गेल्यासारखा वास.
कोळशाच्या टाक्या.
पांढऱ्या पोकळ धाग्यांच्या जुड्या,
त्यातला एक तुटला तरी
कुठं पाणी मुरतंय ते बशीच सांगते.

बशीवर रात्रीत जिवाणूंची साय धरते.
विषाणू पोचला तिथं ती फाटते.
एक भोक, निळ्या पेनचा एक ठिपका.
शंभर मिलिलिटरला अठ्ठ्याण्णव.
लिटरला नऊशे ऐंशी.
कोटीतून वजा.
"चार नऊ," ती वहीत लिहिते,
आणि उरलेले नऊशे ऐंशी
पाण्यासोबत पुढच्या टाकीत जातात,
तिथं दिव्यांचा जांभळा उजेड त्यांची वाट बघतो.

गोआगोसेब साहेब अहवाल उलटा धरून वाचतात,
शेवटचं पान आधी.
"खऱ्या सांडपाण्याचा आकडा डिसेंबरात का पडला? दोनच नऊ?"
"शहर उत्तरेला गावी गेलं होतं, साहेब.
घाण कमी पडली."
ते हसतात. ती हसत नाही.
आलेच शंभर, सुटला एकही सापडला नाही,
तर दोन नवांपुढं शपथेवर काय सांगायचं?
यंत्रं तीच होती, तितकीच जागी.
सिद्ध करायला काही आलं नाही, इतकंच.

त्या रकान्यात ती लिहिते: आढळलं नाही.
"शून्य" कधीच लिहीत नाही.
नव्या पोराला हे तीनदा सांगावं लागलं,
चौथ्यांदा तिनं त्याचं शून्य खोडलं आणि गप्प राहिली.

हेच दोन शब्द मागच्या मार्चमध्ये
तांगेनीच्या रक्ताच्या कागदावर होते.
तो दारातूनच ओरडत आला, ताई, आढळलं नाही!
शेजारणीला वाटलं नोकरी लागली.
पेनेहाफोनं कागद घेतला,
खाली बारीक अक्षरात मर्यादा छापली होती
ती वाचली, सवयीनं.
मग घडी घालून परत दिला.
त्या मर्यादेखाली काय असतं ते तिला माहीत आहे.
त्यालाही.

रात्री आठचा गजर होतो.
तो गोळी जिभेवर ठेवतो,
ती नळ सोडते,
पेला उजेडात धरून बघते
(काही दिसणार नसतं, तरी)
आणि त्याच्या हातात देते.