एक जून

वसमतच्या शाळेत मे महिना.
कूलरमध्ये पाणी आहे, वारा मात्र चुलीवरचा.
दाखल-खारीज रजिस्टर मी कॉम्प्युटरात उतरवतोय
आणि फॉर्म माझं ऐकत नाही.

जन्मतारखेत भरतो एकोणीस ऑगस्ट,
सेव्ह करतो, पुढं जातो, परत येऊन बघतो:
एक जून.
इर्शाद शेख, तीन मार्च. एक जून.
द्रौपदी कऱ्हाळे, बावीस नोव्हेंबर. एक जून.
जणू सगळा तालुका
एकाच पहाटे एकाच सुईणीच्या हाती आला.

लाइट जाते. इन्व्हर्टर कण्हतो.
मी कोड उघडतो, माझ्या आधीच्या माणसाचा,
ओळीशेजारी लाल ठिपका लावून अडवतो,
मग बोट धरून एकेक पाऊल चालवतो त्याला.
पिवळी पट्टी सरकते, थांबते, सरकते.
सापडतं. तारीख घालणारी ओळ
नव्या नोंदीपुरती हवी होती,
ती कुठलीही नोंद समोर आली की चालते.
बघितलं की बदलतं. नुसतं बघितलं की.

वर एक अट घालतो:
रिकामं असेल, तरच.
एकोणीस ऑगस्ट आता एकोणीस ऑगस्टच राहते.

तरी चाळताना खाली पुन्हा एक जून,
पुन्हा, ओळीनं अकरा.
शिव्या देत रजिस्टर ओढतो.
शाईत आहे. वळणदार, निळं-काळं,
कोण्या गुरुजींच्या हातचं:
एक जून, एक जून,
मग कंटाळून नुसत्या ‘सदर’च्या खुणा.
त्यांचीही अट हीच होती.
रिकामं असेल, तर.

अकरांतलं सातवं नाव सरू किशन भालेराव,
म्हणजे आमच्या खंदारे मावशी.
चहा घेऊन समोरच उभ्या.
“मावशी, तुमची खरी तारीख?”
“मला काय म्हाईत. हळद शिजू लागली व्हती,
कढईपाशीच कळा सुटल्या मायला.”
म्हणजे फेब्रुवारी. फार तर मार्च.
माझं बोट कीबोर्डवर.
“कामून रे? हात नको लावू.
एकतीस मेला रिटायर व्हते मी.
तुझ्या हळदीपायी
तीन महिन्याचा पगार माघारी मागतेल.”

तारीख तशीच ठेवली.
शेऱ्यात तेवढं टाइप केलं:
‘हळद शिजवण्याच्या दिवसांत, कढईपाशी’.
शेऱ्याचा रकाना वीस अक्षरांचा निघाला.
सेव्ह झालं ते एवढंच:
‘हळद शिजवण्याच्या दिव’

उद्या लांबी वाढवतो.
एकतीसच्या आत.