उशीवर डोकं

पोर्ट कॅलिस्टाच्या नगरभवनात
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
सात माणसं खुर्च्या ओढतात
एकाच वाक्याभोवती:
उशीवर डोकं टेकलं पाहिजे.

म्हणजे असं, की
खोलीच्या भाड्यात शंभरामागे सात डॉलर
गावाचे असतात, पण गावासाठी नसतात.
परका माणूस येईल, रात्र काढेल,
अशाच कामाला ते लावायचे. कायदाच आहे तसा.
मी आठवी. इतिवृत्त लिहिते. बारा वर्षं झाली.
ते वाक्य मला झोपेतही ऐकू येतं
माझ्या स्वतःच्या उशीवर,
जिच्यावर कर नाही.

विल्मा श्रोडर दीपगृहाच्या संग्रहालयासाठी
चार हजार मागते.
"गेल्या वर्षी किती डोकी?" अध्यक्ष कुबेना.
शाळांच्या सहली आल्या, ती म्हणते,
पोरांनी जुना दिवा पुसून दिला.
"राहिली?"
नाही. संध्याकाळच्या बसनं गेली.
दोन हजार.

कोळंबी महोत्सवाला अकरा.
खिएम दाओ त्यासाठी टाय बांधून आलाय,
बोटांचा बर्फाळ वास मात्र
त्याला घरी ठेवता आलेला नाही.
ग्रंथालयाचं छप्पर गळतं.
तो अर्ज मी वाचून दाखवते, सवयीनं,
आणि सवयीनंच पान उलटलं जातं.

मग तिमाहीची जमा.
खजिनदारीणबाई आकडा वाचतात,
चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात.
इतका कर या गावात कधीच जमला नव्हता.

ऑगस्टात वादळानं धक्का नेला.
सप्टेंबरात एक खोली रिकामी नव्हती.
ओक्लाहोमाचे तारवाले, विम्याची माणसं,
ताडपत्र्या ठोकणारे,
आणि ज्यांची घरं गेली ते.
इथलेच. तीन गल्ल्या पलीकडचे.
पेलिकन मोटेलच्या दुमजली रांगेत
डोकी टेकून, टक्क जागे.
दर रात्रीचे सात टक्के.

युलालिया ट्रेविन्यो यंदाच समितीवर आली.
दिवसा पेलिकनमध्ये खोल्या आवरते.
ती म्हणते, त्या उशांचे अभ्रे मी बदललेत.
कुबेना म्हणतो, मुद्द्यावर या.

येते, ती म्हणते.
एकशे चौदा नंबरात म्हातारे ह्रुश्का आहेत.
तीस रात्री झाल्या तेव्हा काउंटरवरच्या पोरीनं
त्यांना आनंदानं सांगितलं:
आता तुम्हाला कर नाही, सहा डॉलर तेवीस सेंट वाचले रोजचे,
तीस दिवसांवर राहिलं की माणूस पाहुणा नसतो,
रहिवासी होतो.
ते उभेच राहिले. हातात बर्फाची बादली.
मग म्हणाले, लावा गं कर.
पाहुणाच असू दे मला.

कुणी काही बोललं नाही.
कॉफीच्या यंत्रानं तेवढा एक सुस्कारा सोडला.
माझं पेन कागदावर होतं
आणि त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत होता.

मग ठराव आला.
महामार्गावर मोठा फलक, बेचाळीस हजार.
समुद्र, सूर्यास्त, आणि तीन शब्द:
या. राहा. विसावा.
सहा विरुद्ध एक.

फोटो कुठला घ्यायचा?
आहे की जुना, खजिनदारीणबाई म्हणाल्या,
धक्क्याचा, कठड्यावर पेलिकन बसलेला.

"धक्का नाहीये आता," युलालिया म्हणाली.

कुबेनानं थोडा विचार केला.
"पेलिकन आहे," तो म्हणाला.

हे मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.