तीन दिवसांची वाढ

मंगळवारी येताना दाढी करायची नाही.
चिमट्याला धरायला काहीतरी हवं,
इल्मी म्हणते.
म्हणून शनिवारपासून मी वाढवते,
जिच्यापासून सुटायचं
तिलाच खाऊपिऊ घालून पोसते,
आणि गोदीवर मफलर नाकापर्यंत.
तिथे अजून जुन्याच नावाने हाक मारतात.
पण डुलुथच्या जानेवारीत
मफलरचं कारण कुणी विचारत नाही.

सुई आत जाते ती कळत नाही.
कळतो तो चटका.
मग केस अलगद येतो,
लोण्यातून निघावा तसा.
वरच्या ओठाशी मात्र डोळे भरतात,
इल्मी दिवा बाजूला सारते,
नातवाच्या हॉकीचं काहीबाही सांगत बसते.

बुधवारी सूज.
गुरुवारी खपल्या, खसखशीएवढ्या.
नख लावायचं नाही.
लावते.
हनुवटीखालचा तो एक डाग
माझ्याच हातचा.

सहाव्या आठवड्यात पुन्हा तिथेच काळं.
रडकुंडीला येऊन म्हटलं, फुकट गेलं सगळं.
तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं.
"हे ते नव्हेत. हे तेव्हा झोपले होते."
असे अजून किती झोपलेत?
सत्तरीची बाई, खांदे उडवून म्हणाली,
"मी मोजत नाही. उठतील तसे."

चौदा महिने झाले.
काल गोदीच्या टोकाला मफलर सुटला
आणि गोठलेल्या सरोवरावरचा वारा
डाव्या जबड्याखाली, नाण्याएवढ्या जागेत,
थेट कातडीला लागला.
इतका गार,
की मफलर हातातच राहिला.