मिनिटाला किती शब्द

नारीनहून अकरा टॅब्लेट आले,
कांद्याच्या पोत्यांना टेकून, जीपच्या मागच्या बाकावर.
मुलं सतरा.
भागाकार तिसरीत शिकवतात,
बाकीचं काय करायचं ते कुठेच शिकवत नाहीत.

थंडीत बॅटरी मरते,
हे सोबतच्या पुस्तिकेत नव्हतं.
एमिलबेकला ते कोकरांवरून कळलं.
रोज सकाळी तो एकेक टॅब्लेट मेंढीच्या कातड्यात गुंडाळायचा,
शेगडीपासून दोन वीत लांब,
आणि मान हलवायचा, चार जनावरं राखणाऱ्या माणसासारखी.

माझ्यापाशी आधीपासून एक यंत्र होतं:
स्टॉपवॉच, काच तडकलेली,
माझ्या आधीच्या बाईंनी जाताना चाव्यांसोबत दिलेली.
मिनिटाला किती शब्द, त्याचा तक्ता वरून यायचा.
मी मुलांसमोर उभी, अंगठा बटणावर,
आणि पानावर मान घालून एकेक जण
जणू अंगावर कुत्रं सोडलंय असा वाचत सुटायचा.

बुरुल्चाचे शब्द अकरा.
कधी नऊ.
'कुलून' आलं, म्हणजे शिंगरू,
की नेमकं तिथेच तिचं घोडं पेंड खायचं.
क, क, क,
मानेची शीर ताठ, बोटं बाकाच्या कडेवर पांढरी,
आणि मी तो शब्द तिच्या आधी म्हणून टाकायचे,
घास भरवावा तसा.
इतकी वर्षं त्याला मी माया म्हणत आले.

टॅब्लेटमध्ये वाचून ठेवायचं होतं, एकेकट्यानं.
वर्गात गलका, म्हणून ती बाहेर गेली,
बोळात, खुंट्यांना टांगलेल्या कोटांच्या आत.
नुसते बूट दिसत होते.

रात्री घरी कानाला लावून ऐकलं.
आधी श्वास. मग कोटाची चेन.
लांबवर कुणाचं तरी कुत्रं.
दोन ओळी ठीक, पाय जपून टाकत.
मग क.
मग काहीच नाही.
मग क.
मी स्वयंपाकघरात एकटी, आणि ओठ माझे हलले,
शब्द जिभेवर तयार,
पण द्यायचा कुणाला? ते तर सकाळीच होऊन गेलेलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून एक बाई ओरडली:
पुढे! पुढे वाच! वेळ जातोय!
कोण ही, मला खरंच कळेना.
इतका कोरडा आवाज,
गोठलेली बादली आपटावी तसा.
चहा निवल्यावर ओळखलं.

एक्केचाळीस सेकंद.
नंतर 'कुलून'.
आणि त्याच्यामागून अख्खं वाक्य, धडपडत नाही, थांबत नाही,
शिंगरू आईमागून नदी उतरतं, पलीकडे जाऊन अंग झाडतं.
आणि एक छोटंसं हसू,
जे धड्यात नाही.

यंत्राला संत करू नये.
शेवटी त्यानंही लाल पट्टी दाखवलीच: वेग कमी.
तक्ता त्याच्याही पोटात होताच.
फक्त ते मधे बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं.
स्टॉपवॉच कपाटात. हाताचं काय करावं सुचेना,
म्हणून खडू धरला.
क.
एमिलबेक तोंड उघडणार तोच तिनं त्याच्याकडे पाहिलं,
त्यानं ते मिटलं.
घंटा झाली. तो उठला,
त्याला बॅटऱ्या झाकायच्या होत्या, त्याचं बरोबरच होतं.
ती अजून क वर.
माझ्या मुठीत खडूचे दोन तुकडे.

मार्चमध्ये तपासनीस आले,
त्या रकान्यात मी काय लिहिलं ते सांगत नाही.

चार नंबरचा टॅब्लेट आता चार्ज धरत नाही.
परत पाठवा म्हणतात, आधी आतलं सगळं पुसून.
मी कळवलं, मला पुसता येत नाही.
म्हणजे, येतं.