तीन नंबरचा लेथ

एकतीस जानेवारीला गांगुर्डे मामा रिटायर.
समितीच्या फायलीत 'ज्ञान-व्यवस्थापन' या रकान्यात
मी कालच बरोबरची खूण केली आहे.

तीन नंबरचा लेथ मात्र
फक्त त्यांचंच ऐकतो.
सातपूरच्या एका बंद कारखान्यातून आलेला.
हेडस्टॉकला कान लावून ते म्हणतात,
"नाशिकची थंडी आहे, तेल गोठलंय,
पाच मिनिटं रिकामा फिरू द्या त्याला."

"हे कुठल्या युनिटमध्ये येतं, मॅडम?"
समिधा बोरस्तेनं विचारलं, जॉब हातात धरून.
मी अभ्यासक्रम चाळला.
नव्हतं.

पोरांच्या जर्नलात दरवर्षी तीच रीडिंग,
दोन हजार अकराच्या बॅचची,
दशांशाच्या चुकीसकट
वारसाहक्कानं उतरलेली.
एवढं मात्र आम्ही नीट जपलंय.

आता रोज चारला, चहा सोडून,
समिधा विचारते, मी लिहिते, मामा लाजतात.
"चुका कशाला लिहिता?"
"त्याच लिहायच्यात, मामा."

मग बराच वेळ नुसता कूलंटचा वास.
डाव्या हाताचं अर्धं बोट
ते वहीवर ठेवतात.

"बरं. मग पहिलं हे घ्या.
ब्याण्णव साल, दुसरी पाळी.
चकची चावी
चकमध्येच राहिली होती."