दुभाषी

जनकगंजची शाळा, मधल्या सुट्टीनंतरचा तास.
ती एस्टोनियाहून आलेली, नाव लीस,
पोरं म्हणत लिस्सी मॅडम.
सॅकमध्ये प्लास्टिकच्या बावीस बासऱ्या.
आणि मी, एजी ऑफिसातून रिटायर,
तिच्या इंग्रजीचं हिंदी करायला बसवलेली.
बिनपगारी. तीही बिनपगारीच.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, हा स्वर चुकतोय.
मी पोरांना सांगितलं,
मॅडम कहती हैं, एक बार और.

तिचा सा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा,
रोज त्याच उंचीवर.
इथे सा ज्याचा त्याचा.
रुखसारचा वेगळा. भदौरियाच्या धाकट्याचा आवाज फुटत होता,
त्याचा सकाळी एक, दुपारी दुसराच.
हे इंग्रजीत कसं सांगायचं?
तेहतीस वर्षं मी टाईप केलं, 'आपल्या पत्राच्या संदर्भात',
पण कुठल्याच पत्रात सा आला नव्हता.

ती म्हणायची, स्वरावरून स्वरावर पाऊल टाका, जिना चढतो तसं.
पोरं बोट अर्धवट उचलून
घसरगुंडीवरून आल्यासारखी खालच्या स्वरावर यायची.
मला ते ओळखीचं वाटे.
माझ्या मराठीचंही तसंच आहे,
बोलता बोलता हिंदीत कधी घसरते कळत नाही,
पुण्याची भाची तोंडावर हात ठेवून हसते.
मी म्हटलं,
मॅडम कहती हैं, बहुत अच्छे, बस थोड़ा धीरे.

डिसेंबरात एकदा ती फार चिडली.
हे संगीत नाही, म्हणाली, ही भांडी पडताहेत.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.
मी म्हटलं, मॅडम को चाय चाहिए.
गोलू कुशवाह धावत गेला,
कोपऱ्यावरच्या टपरीवरून कुल्हड घेऊन आला,
निम्मा चहा बाहीवर.
ती प्यायली. पूर्ण.

शेवटच्या दिवशी पोरांनी तिच्या गावचं गाणं वाजवलं,
गोठलेल्या तळ्याचं.
आमच्या फेब्रुवारीच्या उन्हात तळं जागोजाग वितळलं,
तिने कुठेच थांबवलं नाही.
मग बासऱ्या मोजल्या.
एकवीस.
पुन्हा मोजल्या. एकवीस.
ती मला म्हणाली, विचारा त्यांना, एक कुणाकडे राहिली?

रुखसार पायाच्या अंगठ्याने फरशीची फट कोरत होती.
दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर.

मी विचारलं,
मॅडम पूछ रही हैं, सबने खाना खाया?

हाँ मॅडम, वर्ग एका सुरात म्हणाला,
वर्षातून पहिल्यांदाच एका सुरात.

लीसने सॅकची चेन ओढली.
माझ्याकडे न बघता,
हळू, एकेक शब्द जिन्यासारखा चढत म्हणाली,
खाना खा लिया
तो ठीक है.

मी खुर्चीचा हात धरला.
ऑक्टोबरपासूनचे तास
मनात एकेक करून मागे मोजत गेले.
एक बार और. बहुत अच्छे.

चहासुद्धा.