शनिवारचा चहा, म्हापसा

शनिवारी चारच्या पुढे मी घड्याळं उघडत नाही.
डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवतो,
शटर अर्धं ओढतो,
म्हापशाच्या बाजाराचे फक्त पाय दिसतील इतकं,
आणि मागच्या खोलीत एका शेगडीचा गॅस पेटवतो.

सुलक्षा टीचरांच्या आधी त्यांची पिशवी आत येते,
पिशवीच्या आधी गवती चहाची पात.
"कापू नकोस. गाठ मार."
कापली की पात रुसते म्हणे.
एकोणीस वर्षं मी गाठच मारतोय.
श्रावण आहे, म्हणून डब्यात पातोळ्या,
हळदीच्या पानाच्या शिरा पाठीवर उमटलेल्या.
पान सोलायचं, आणि कपात आधी नाक घालायचं,
चष्मा धुकटला की मगच पहिला घोट.

मंजूर शालींच्या दुकानातून थर्मास घेऊन येतो.
गुलाबी चहा. मिठाचा.
पहिल्या वेळी मी म्हटलं होतं,
ही तर रंग लावलेली पेज!
तो रागावला नाही.
इनासच्या टोपलीतलं काकण उचललं,
मधल्या भोकातून माझ्याकडे बघितलं.
म्हणाला, आमच्या गल्लीत हेच मिळतं,
फक्त वर तीळ असतात.
बुडवलं, आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
तेव्हापासून काकणाला मी दुसरा चहा दाखवत नाही.

माझा आपला कोरा. लिंबू पिळलेला,
नाक्यावरच्या मिरचीभज्यांना पुरून उरणारा.

आणि इनास. पोदेर.
गेल्या मार्चात त्याला ताप आला
आणि जाताना वास घेऊन गेला.
भट्टी तापली का, ते तो हाताच्या केसांवरून ओळखतो,
पाव झाला का, ते ठोकून, कान लावून.
पण चहा ठोकता येत नाही.
कुठलाही दिला तरी म्हणतो,
"हून उदक, रे. बरं आहे."

मग आम्ही त्याला सांगत बसतो.
टीचर सांगतात : ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी
उन्हात वाळते ना, तसा.
मंजूर सांगतो : थंडगार रजईत
आधीच कुणीतरी झोपून गेलेलं असावं, तसा.
मी सांगतो : जिभेवर बारीक स्क्रू फिरवल्यासारखा.
इनास मान हलवतो,
पोरांनी काढलेली चित्रं बघताना
आपण हलवतो तशी.

परवा वाद पेटला,
दूध आधी की पत्ती आधी.
मंजूरचे हात हवेत,
टीचर खडूशिवाय फळा भरत होत्या,
भिंतीवरची अकरा घड्याळं
नेहमीसारखी एकमेकांशी असहमत.
इनास कोपऱ्यात पोत्यावर, डोळे मिटून.
तो म्हणाला,
"दूध लागलं रे तुझं."

कुणीच हललं नाही.
टीचरांची पातोळी ओठांपाशी थांबलेली.
गॅस बंद करायला शेवटी त्यालाच उठावं लागलं.

मी म्हटलं, ओतून टाकतो, नवा ठेवतो.
त्यानं टोपावर पंजा धरला.
"हाच. चार कप."

इतका वाईट चहा मी जन्मात प्यायलो नव्हतो.
धुरकट, कडवट, वर करपलेल्या सायीचे काळे तुकडे.
सोबत काय जाईल ते कुणालाच सुचेना.
इनासनं कालचा उंडो मोडला,
कवच त्याला, गाभा मला, उरलेला या दोघांत.
बुडवून खाल्ला. दुसरा कप मागितला.
साखर जास्त झाली, असंही वर म्हणाला,
आणि मंजूर नाक शिंकरायला बाहेर गेला.

मग जाता जाता, टोपली खांद्याला लावून,
इनास टीचरांच्या पिशवीपाशी थबकला.
हुंगलं. पुन्हा हुंगलं.
"टीचर, श्रावणात? सुके बांगडे?"

टीचरांनी पिशवीचं तोंड आवळलं.
म्हणाल्या, "शेजारणीचे आहेत."